फलकावर आकडा आहे, नावे नाहीत : महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींना खुले पत्र

प्रति,
सरपंच, उपसरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी
आणि ग्रामसभेचे सर्व सभासद,
महाराष्ट्रातील सर्व ग्रामपंचायती

विषय : पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या गावकऱ्यांच्या फलकांचे जतन करणे व त्यांवर न कोरलेली नावे शोधणे

महोदय, महोदया,

सस्नेह नमस्कार.

सातारा, पुणे, रायगड, रत्नागिरी अशा जिल्ह्यांतील अनेक गावांत जुन्या चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत बसवलेला एक लहानसा संगमरवरी फलक आढळतो. त्यावरचा मजकूर जवळजवळ सगळीकडे सारखाच आहे. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतकी माणसे गेली आणि त्यांपैकी इतक्यांनी आपले प्राण अर्पण केले, एवढेच त्यावर लिहिलेले असते. गाव बदलले की आकडे बदलतात. नाव मात्र बहुतेक ठिकाणी एकाचेही नसते. त्या आकड्यांमागची नावे आपापल्या गावाने शोधावीत, ती ग्रामसभेत मोठ्याने वाचावीत आणि फलकाखाली कोरावीत, ही विनंती करण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे.

मी निवृत्त शिक्षक आहे. आमच्या गावचा फलक जुन्या चावडीच्या भिंतीत होता. मी इतिहास शिकवत असताना मुलांना चावडीपाशी नेत असे आणि फलक दाखवून महायुद्धाचा धडा सुरू करत असे. एके वर्षी एका मुलीने विचारले, "गुरुजी, हे जे परत आले नाहीत ते कोणाच्या घरचे?" मला उत्तर देता आले नाही. मी म्हाताऱ्या माणसांकडे चौकशी केली, तेव्हा एका घरात "आमचा चुलत आजा बसऱ्याला गेला तो तिकडेच राहिला" एवढे कळले. त्या आज्याचे नाव त्या घरातही कोणाला सांगता आले नाही. पुढे चावडी पाडून नवी इमारत बांधली गेली. फलक राडारोड्याबरोबर बाहेर पडला आणि पाण्याचे पिंप ठेवण्यासाठी तो आडवा वापरला जात असल्याचे मला कित्येक महिन्यांनी दिसले. तो उचलून आणून धुतला, तेव्हा वरचा कोपरा तुटला होता. सुदैवाने अक्षरे शाबूत होती. यात मी कोणा एकाला दोष देत नाही, कारण मुळात त्या दगडावर कोणाचेच नाव नव्हते आणि नाव नसलेल्या दगडाला आपले म्हणायला गावात कोणी पुढे आले नाही.

ही माणसे कोठे गेली होती, हे आधी सांगितले पाहिजे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांहून अधिक माणसे गेली आणि त्यांपैकी सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. आपल्या मुलखातील पुष्कळ जवान मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढले. तेथे सुरुवातीला उतरलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच पुणे डिव्हिजन होते आणि तिच्यात १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे त्यांची तुर्की सैन्याशी घनघोर लढाई झाली. माघार घेत हे सैन्य तैग्रिस नदीच्या वळणावरील कूत या गावात आले आणि ७ डिसेंबरला तेथे वेढले गेले. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. अन्न संपत आले, घोडे आणि खेचरे मारून खाण्याची वेळ आली, आणि धर्माच्या वा सवयीच्या कारणाने ते मांस न खाणाऱ्या जवानांची उपासमार अधिक झाली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाल्यावर हजारो कैद्यांना उन्हाळ्यात वाळवंटातून उत्तरेकडे चालवत नेण्यात आले. त्या वाटेवर आणि नंतरच्या छावण्यांत जे गेले, त्यांतील अनेकांची कबर नाही की चितेची जागाही कोणाला माहीत नाही. आपल्याकडे "बसऱ्याला गेला" हे शब्द ज्या घरांत अजून बोलले जातात, त्यांच्यामागे बहुधा हीच कहाणी असते.

त्यांचे स्मारक इराकमधील बसरा येथे उभारले गेले. मेसोपोटेमियात मरण पावलेल्या आणि ज्यांची कबर ज्ञात नाही, अशा चाळीस हजारांहून अधिक जणांसाठी ते आहे. युद्धातील मृतांच्या स्मृती जपण्यासाठी १९१७ मध्ये स्थापन झालेल्या आणि आज राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने ते उभारले. हुद्दा, वंश वा धर्म न पाहता प्रत्येक मृताला सारखा मान द्यायचा, हे त्या संस्थेचे मूळ तत्त्व होते. बसऱ्याच्या स्मारकात ते पाळले गेले नाही. तेथे ब्रिटिश शिपायांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, आणि साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा घातला गेला. एप्रिल २०२१ मध्ये या आयोगाच्याच विशेष समितीने आपला अहवाल प्रसिद्ध केला आणि आयोगाने जाहीर माफी मागितली. आशिया व आफ्रिकेतील किमान ४५ हजार मृतांचे स्मरण असमान रीतीने केले गेले आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांचे स्मरण नावानिशी झालेच नाही, असे त्या अहवालात कबूल केलेले आहे. शंभर वर्षांनी का होईना, त्यांनी आपली चूक लिहून मान्य केली. आपल्या गावातील फलक त्याच पद्धतीचा आहे आणि तो तर आपल्या ताब्यात आहे.

ही उणीव फक्त इंग्रजांची होती, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. रणात पडलेल्यांना मान देण्याची आपली परंपरा फार जुनी आहे आणि तिच्यातही सामान्य शिपायाचे नाव बहुधा गळून गेलेले आहे. गावाच्या वेशीवर, मंदिराच्या आवारात उभे असलेले वीरगळ आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, तिच्या वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर, आणि अगदी शिरोभागी चंद्र व सूर्य, म्हणजे जोवर चंद्रसूर्य आहेत तोवर याची कीर्ती राहो. एका माणसाच्या मरणाला इतक्या विचारपूर्वक रचलेली प्रतिमा देणारा समाज थोर होता, असे मी मानतो. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सर येथील वीरगळांवर तर शिडाच्या आणि वल्ह्यांच्या जहाजांची समुद्रावरील लढाई कोरलेली आहे. कर्नाटकातील अनेक वीरगळांवर लेख आहेत, त्यामुळे तो वीर कोण, कोणाशी लढताना पडला, हे आज वाचता येते. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळ मात्र लेखाविना आहेत. चंद्रसूर्य कोरणाऱ्या हातांनी नाव कोरले नाही, कारण गावाला ते ठाऊक होते आणि ते कधी विसरले जाईल अशी शंका कोणाला आली नसावी. ज्याच्या कीर्तीसाठी तो दगड उभा केला, त्याचे नाव आज गावात कोणाला सांगता येत नाही. काही वीरगळांना शेंदूर लागून त्यांचा देव झाला, काही पायऱ्यांना लागले, काही ओढ्याकाठी कपडे धुण्यासाठी गेले.

पानिपतच्या पराभवाची बातमी कळवणारा तो प्रसिद्ध मजकूर आपण शाळेत शिकलो आहोत. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोत्ये कोण ते आपल्याला पाठ आहे आणि मोहरांचीही नावे सापडतात. ज्याची गणती झाली नाही तो खुर्दा म्हणजे तुमच्याआमच्या गावांतून गेलेली माणसे होती. त्या काळच्या राज्यकर्त्यांना त्यांची फिकीर नव्हती असेही नाही, कारण लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांना बालपरवेशी, म्हणजे निर्वाहासाठी नेमणूक, देण्याची पद्धत मराठी राज्यात होती आणि दप्तरांत तिच्या नोंदी आहेत. घरचा माणूस "कामास आला" हे सरकार जाणत होते. गावाने मात्र त्याची यादी ठेवली नाही.

माझ्या घरचीच गोष्ट सांगतो. आमच्या देवघरात कुलदैवताच्या टाकांशेजारी घोड्यावर बसलेल्या वीराचा एक चांदीचा टाक आहे. नाशिककडे धुळवडीच्या दिवशी असे घरोघरचे वीर वाजतगाजत गोदावरीवर नेऊन त्यांना स्नान घालतात. आमच्याकडे तशी मिरवणूक नाही, फक्त सणावारी पूजा होते. माझी आजी टाक पुसताना त्या पूर्वजाचे नाव घ्यायची आणि तो कोणत्या लढाईत गेला तेही सांगायची. मी तेव्हा लहान होतो. मी ते लिहून ठेवले नाही. वडिलांनीही लिहून ठेवले नव्हते. आता आम्ही त्याला नुसते "वीर" म्हणतो. आयुष्यभर इतिहास शिकवणाऱ्या माणसाच्या घरात ही हयगय झाली, याचे मला वाईट वाटते, आणि या पत्राची निकड मला त्यातूनच जाणवली आहे. नाव विसरायला दोन पिढ्या पुरतात.

नाव कोरले गेले की काय घडू शकते, याचेही उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांची नावे आहेत आणि त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' हा त्या काळच्या महार नावांतला प्रत्यय आहे. ज्या समाजाला गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यातील माणसे शस्त्र घेऊन उभी राहिली होती, हे त्या कोरलेल्या अक्षरांमुळे नाकारता येत नाही. पुढे याच समाजाची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा आणि त्यानंतरही त्या नावांचा आधार मोठा होता. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले, आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या बोधचिन्हावर तोच स्तंभ होता. त्या लढाईचा अर्थ कसा लावावा, यावर आजही मतभेद आहेत आणि ते मिटवणे हा या पत्राचा विषय नाही. स्तंभावर नावांऐवजी पडलेल्यांचा नुसता ४९ हा आकडा कोरला असता, तर शंभर वर्षांनी त्यापुढे उभ्या राहणाऱ्याला आपल्या पूर्वजाचे नाव वाचता आले असते का, एवढाच प्रश्न मी विचारतो.

म्हणूनच नावे शोधताना गावातील एकही वाडी, एकही वस्ती सुटता कामा नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. फलकावरचा आकडा जातीने वाटलेला नाही. त्यात पाटलाच्या वाड्यातला मुलगा असेल, महारवाड्यातला असेल, मोहल्ल्यातला असेल. १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली गेली होती. ती १९२१ मध्ये मोडल्यामुळे तिच्यातील माणसांची आठवण ठेवणारी पलटणही मागे राहिली नाही. कोकणातील गावांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे पुष्कळ लोक जहाजांवर खलाशी होते आणि जहाज बुडाले की त्यांची गणना शिपायांत होत नसे. मुंबईत गोदीजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. समुद्राखेरीज त्यांना दुसरी कबर नाही. ज्या बंदरातून आणि ज्या खाडीतून ते निघाले, तेथील ग्रामपंचायतींनी त्यांनाही आपल्या यादीत घ्यावे.

काही सभासद विचारतील, आणि ते विचारणे रास्त आहे, की ही माणसे इंग्रजांच्या साम्राज्यासाठी मेली, तर स्वतंत्र देशातील ग्रामपंचायतीने त्यांचे स्मरण का करावे. फलक बसवणाऱ्या सरकारचा हेतू आपल्या राज्याची शान मिरवण्याचा होता, हे मला मान्य आहे. शिपायाच्या हेतूविषयी मात्र इतके सहज बोलता येत नाही. कोणी कोरडवाहू जमिनीवर पोट भरेना म्हणून गेला, कोणी घराण्याची रीत म्हणून गेला, कोणावर पाटलाचा किंवा मामलेदाराचा दबाव आला असेल. लोकमान्य टिळकांसारख्या नेत्यानेही भरतीचा विचार करताना हिंदी जवानांना अधिकारपदे मिळाली पाहिजेत आणि स्वराज्याचा हक्क मिळाला पाहिजे, ही मागणी सोडली नव्हती. म्हणजे त्या काळच्या शहाण्या माणसांनाही हा प्रश्न सोपा वाटला नव्हता. वेशीवरच्या वीरगळापुढे हात जोडताना तो वीर कोणत्या राजासाठी पडला, हे आपण विचारत नाही. तो आपल्या शिवेतला होता, इतके आपल्याला पुरते. बसऱ्याला गेलेल्या माणसालाही तेच माप लावावे, असे माझे मत आहे. साम्राज्याचा गौरव त्यात कोठेही करावा लागत नाही.

नावे कोठे शोधावीत, हे आता सविस्तर सांगतो, कारण पुष्कळ गावांत इच्छा असूनही काम येथेच अडते. पहिली जागा म्हणजे गावातील पेट्या आणि ट्रंका. महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी ब्रिटिश सरकारने काशाची एक गोल तबकडी पाठवली होती. ती साधारण बारा सेंटिमीटर व्यासाची असून तिच्यावर उभी स्त्री आणि सिंह आहे, आणि एका चौकटीत मृताचे नाव उठावाच्या रोमन अक्षरांत आहे. त्या नावाआधी हुद्दा मुद्दामच घातलेला नाही. युद्धात भाग घेतलेल्यांच्या पदकांच्या कडेवरही क्रमांक, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. चांदीची पदके अडचणीच्या दिवसांत सोनाराकडे मोडली गेली असण्याची शक्यता मोठी आहे, पण काशाच्या तबकडीला मोल येत नसल्यामुळे ती एखाद्या घरात अजून पडलेली असू शकते. ती भंगारात जाण्याआधी तिचे छायाचित्र घ्यावे. दुसरी जागा म्हणजे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची मृतांची सूची. ती इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येते. फलकावर किंवा स्मारकावर नाव नसले, तरी सूचीत ते असू शकते, आणि अनेक नोंदींत वडिलांचे नाव, गाव, तालुका व जिल्हा दिलेला असतो.

ही सूची पाहताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, जिल्हे तेव्हाचे आहेत. आजचा रायगड तेथे कुलाबा या नावाने येईल, सिंधुदुर्गातील गावे रत्नागिरीत किंवा सावंतवाडी संस्थानात सापडतील, सांगलीकडची अनेक गावे साताऱ्यात सापडतील आणि कोल्हापूर हे संस्थान म्हणून येईल. दुसरी, गावांची व माणसांची नावे इंग्रज कारकुनाने ऐकली तशी लिहिली आहेत. आमच्या गावाचे स्पेलिंग मला तीन प्रकारे सापडले आणि तिसऱ्या प्रकारात आमच्या गावचा माणूस होता. त्या संध्याकाळी मी ते नाव मोठ्याने दोनदा वाचले. वडिलांचे नाव आणि आडनाव जुळवत आम्ही ज्या घरापर्यंत पोहोचलो, ते घर "बसऱ्याला गेला" म्हणणारेच होते. त्या घरातील आजींनी नाव ऐकल्यावर आधी देवापुढे दिवा लावला आणि मग आम्हाला बसायला सांगितले.

हे काम एकेका गावाने करण्यासारखे आहेच, पण जिल्हा पातळीवर त्याला आधार मिळाला तर ते लवकर होईल. पाकिस्तानातील लाहोरच्या संग्रहालयात पंजाबच्या गावागावांतून महायुद्धात गेलेल्या सुमारे ३ लाख २० हजार जणांच्या हस्तलिखित नोंदवह्या पडून होत्या. ब्रिटनमधील पंजाबी वारसा जपणाऱ्या मंडळींनी आणि तेथील एका विद्यापीठाने २०२१ मध्ये त्यांतील काही जिल्ह्यांच्या वह्या प्रथम इंटरनेटवर खुल्या केल्या, आणि लोकांना आपल्या पणजोबांची नावे गावाच्या पानावर सापडू लागली. आपल्याकडील पुराभिलेखागारे, जिल्हाधिकारी कार्यालयांतील जुने दप्तर आणि पलटणींची रेजिमेंटल केंद्रे येथे मुंबई इलाख्याच्या नोंदी तपासाव्यात, यासाठी प्रत्येक ग्रामसभेने ठराव करून तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे पाठवावा. एका माणसाच्या अर्जाला कार्यालयात जितके वजन असते, त्याहून ग्रामसभेच्या ठरावाला अधिक असते.

दुसऱ्या महायुद्धाची स्थिती वेगळी आहे. त्या युद्धातील मृतांची नावे बरीच पूर्ण नोंदली गेली, तरी गावात ती माहीत असतातच असे नाही. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत अपर टायबर खोऱ्यात पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यांचा पुतळा माणगावात आहे आणि २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या गावाने त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. त्यांच्या शौर्याची हकिकत सांगताना आपण असे वाचतो की मशीनगनच्या गोळीबारात त्यांच्या तुकडीतील इतर सर्वजण ठार किंवा जखमी झाले आणि मग ते एकटे पुढे धावले. ते "इतर सर्वजण" कोण होते? त्यांचीही गावे होती, आणि त्यांतले काही बहुधा सातारा, रत्नागिरी आणि कुलाब्याचेच असतील. इटलीतील कॅसिनोच्या स्मारकावर किंवा समाधिस्थानांत त्यांची नावे आहेत. त्यांच्या गावांत ती नसावीत, हे बरोबर नाही.

स्वातंत्र्यानंतर पडलेल्या जवानांच्या बाबतीत आपण अधिक जागरूक आहोत. तिरंग्यात लपेटलेले पार्थिव गावात येते, शोक शस्त्र होते, बिगुलावर लास्ट पोस्ट वाजते, आणि अग्नी देण्यापूर्वी ध्वज काढून घडी करून वीरपत्नीच्या किंवा वीरमातेच्या हाती दिला जातो. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकातील त्यागचक्रात २५ हजारांहून अधिक नावे एकेका शिळेवर कोरलेली आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये 'मेरी माटी मेरा देश' मोहिमेत आपल्यापैकी अनेक ग्रामपंचायतींनी वीरांच्या नावांचे शिलाफलकही बसवले. आता जुना फलक कोणत्या भिंतीत आहे, हे पाहावे आणि दोन्ही एका जागी आणता येतात का, याचा विचार करावा.

जतनाविषयी थोडे लिहितो. संगमरवरी फलकाला ऑइलपेंट लावू नये, तो आम्लाने किंवा तारेच्या ब्रशने घासू नये. साधे पाणी आणि मऊ कापड पुरे. अक्षरांतला काळा रंग गेला असेल, तर जाणकाराला दाखवल्याशिवाय नवा भरू नये. इमारत पाडायची असेल, तर आधी फलकाचे छायाचित्र घ्यावे, पंचनामा करावा, तो सुखरूप काढून ग्रामपंचायतीच्या ताब्यात ठेवावा आणि नवीन इमारतीच्या आराखड्यात त्याची जागा आधीच ठरवावी. जुन्या फलकावर नवी अक्षरे कोरू नयेत. नावांसाठी खाली वेगळी शिळा लावावी. तिच्यावर नाव, वडिलांचे नाव, वाडी, पलटण, मृत्यूची तारीख व ठिकाण मराठीत कोरावे. कोणाच्या शुभहस्ते अनावरण झाले, सरपंच कोण होते, निधी कोणी दिला, यांपैकी काहीही त्या शिळेवर नसावे. हे मी कळकळीने सांगतो, कारण अनेक नव्या स्मारकांवर पाहुण्यांची नावे हुतात्म्याच्या नावाहून मोठ्या अक्षरांत मी वाचली आहेत आणि ती वाचताना मान खाली गेली आहे. वीरगळांना शेंदूर वा रंग लावणे थांबवावे, गटारातले आणि पायऱ्यांतले वीरगळ राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला कळवून त्यांच्या सल्ल्याने उचलावेत, आणि परस्पर कोणाला नेऊ देऊ नयेत.

यानंतर वाचनाची विनंती. युद्धातील मृतांसाठी स्तब्ध उभे राहण्याची प्रथा ११ नोव्हेंबर १९१९ पासून ब्रिटिश राज्यात सुरू झाली आणि आता ती आपल्या अंगवळणी पडली आहे. तिला माझा विरोध नाही. पण ज्यांचे नाव शंभर वर्षांत गावात उच्चारलेच गेले नाही, त्यांच्यासाठी आणखी मौन पाळणे मला अपुरे वाटते. १५ ऑगस्टच्या ध्वजवंदनानंतर शाळेतील एखाद्या मुलाने किंवा मुलीने गावच्या सर्व युद्धांतील मृतांची नावे, वाडीसह, सावकाश वाचावीत. ज्यांची नावे मिळालेली नाहीत, त्यांचा आकडा शेवटी वाचावा आणि पुढच्या वर्षीपर्यंत शोध चालू असल्याचे सांगावे. भाषणे त्या वेळी नकोत. त्या घरांतील कोणी हयात असेल, तर त्यांना आदल्या दिवशी घरी जाऊन निमंत्रण द्यावे.

आमच्या गावच्या फलकावर न परतलेल्यांचा जो आकडा आहे, त्यांपैकी आजवर दोन नावे मिळाली आहेत. ती कोरून झाली असून खालच्या ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत. शोधाची पद्धत, स्पेलिंगच्या अडचणी आणि ठरावाचा नमुना ज्या ग्रामपंचायतींना हवा असेल, त्यांना तो देण्यास मी तयार आहे. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि त्याआधी आपल्या गावचा फलक कोठे आहे, तो कोणत्या स्थितीत आहे आणि त्यावर कोणता आकडा आहे, याची नोंद करून ठेवावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, जिल्हा सातारा